माळावरची शर्यत आणि हातातला पाना

मोटारसायकलींची सहा दिवसांची एक जुनी शर्यत आहे. १९१३ साली इंग्लंडमधल्या कार्लाइल गावी ती पहिल्यांदा झाली आणि महायुद्धांसारखे खंड सोडले तर ती आजही चालू आहे. डोंगर, रान, ओढे, दगडधोंडे अशा वाटेने रोज सकाळपासून दुपारपर्यंत गाडी हाकायची आणि संध्याकाळी ती एका कुंपणाच्या आत लावायची. रात्रभर त्या कुंपणात कुणालाही शिरता येत नाही. गाडी आत लावण्यापूर्वी पंधरा मिनिटं आणि सकाळी निघण्यापूर्वी दहा मिनिटं एवढाच वेळ दुरुस्तीला मिळतो. काही मोजकी कामं सोडली तर ही दुरुस्ती खुद्द चालवणाऱ्याने करायची असते. टायर त्यानेच बदलायचा, ब्रेकचे पॅडही त्यानेच. मदतनीस शेजारी उभा राहून पाना पुढे करील, पण नटाला हात लावणार नाही. चौकट आणि इंजिनाच्या कवचावर आयोजकांची खूण असते, त्यामुळे ते भाग गुपचूप बदलायचीही सोय नाही.

मला हा नियम फार आवडतो. खडबडीत रानातली मोटारसायकल शर्यत म्हणजे नेमकं काय, ते त्यात आलं आहे. गुळगुळीत ट्रॅकवर चालवणारा वेगळा आणि मेस्त्री वेगळा असला तरी भागतं. रानात मात्र गाडी मोडणारच, हे धरूनच निघावं लागतं. कुठला भाग कशाने मोडतो हे ज्याला ठाऊक असतं, त्याची चालवायची पद्धतही बदलते.

हे समजून घ्यायला ठाणे जिल्ह्यातले शहापूर आणि मुरबाड हे तालुके फार चांगले आहेत. शनिवार उजाडला की कल्याण-मुरबाड रस्त्याने सरळगाव, टोकावडे करत मुंबई-ठाण्याच्या मोटारसायकलींची रांग माळशेजकडे लागते. तशीच एक रांग मुंबई-आग्रा रस्त्याने शहापूरवरून कसाऱ्याकडे. बहुतेक जण डांबरावरच राहतात. पण डांबर सोडून किन्हवली, डोळखांब किंवा धसईच्या बाजूला आत वळलं, की दोन-चार किलोमीटरांत जमिनीचे चार प्रकार चाकाखाली येतात. मूळ खडक सगळीकडे बेसॉल्टचा, म्हणजे आपला काळा पाषाण. तो झिजून, कुजून झालेला मुरूम उतारांवर. नाचणी-वरीची हलकी वरकस जमीन टेकड्यांच्या अंगावर. सखल भागात भाताची खाचरं आणि त्यांचे बांध. आणि मधूनमधून काळू, शाई, भातसा या नद्यांना मिळणारे ओढे, ज्यांच्या तळाला वाटोळे गोटे असतात. पाऊस वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास, तोही जवळपास सगळा चार महिन्यांत. म्हणजे जी वाट मे महिन्यात घोटाभर धूळ असते, तीच जुलैत चिखल होते. धूळ आणि चिखल गाडीला दोन अगदी वेगळ्या तऱ्हांनी मारतात.

या खेळाच्या जातीही निरनिराळ्या आहेत. मोटोक्रॉस म्हणजे माळावर आखलेला बंद ट्रॅक, चढ-उतार, उड्या, वळणं आणि एका वेळी सुटलेल्या पंचवीस-चाळीस गाड्या. जागतिक स्पर्धेत एक शर्यत तीस मिनिटं आणि वर दोन फेऱ्या अशी असते, आणि दिवसात अशा दोन. सुपरक्रॉस म्हणजे हेच सारं स्टेडियममध्ये मातीचे डंपर ओतून उभं करायचं. पुण्यात बालेवाडीच्या क्रीडासंकुलात २८ जानेवारी २०२४ रोजी इंडियन सुपरक्रॉस रेसिंग लीगची पहिली फेरी झाली ती याच प्रकारची. रॅली आणि एन्ड्युरो हे लांबच्या वाटेचे खेळ, तिथे घड्याळाशी शर्यत असते. कसारा घाट चढून गेलं की पलीकडे नाशिक जिल्हा. तिथे दुचाकींच्या राष्ट्रीय रॅली अजिंक्यपदाच्या फेऱ्या झालेल्या आहेत.

शर्यत कुठलीही असो, शनिवार-रविवारचा क्रम साधारण सारखाच. शनिवारी आधी गाडीची तपासणी. सोडल्याबरोबर थ्रॉटल झटकन मिटतो का, ब्रेक-क्लचच्या लिव्हरला टोकाला गोळी आहे का (पडल्यावर पोटात घुसू नये म्हणून), फूटरेस्ट वर दुमडतात का, इंजिन बंद करायचं बटण चालतं का, हेल्मेट तडकलेलं नाही ना. मग सराव. रविवारी शर्यती. दोन शर्यतींच्या मध्ये जो तास-दोन तासांचा वेळ मिळतो, त्यात कोण काय करतो यावर दुसऱ्या शर्यतीचं बरंच काही ठरतं.

त्या वेळात सगळ्यांत आधी उघडायचा तो एअर फिल्टर. इंजिन पेट्रोलवर चालतं असं आपण म्हणतो, पण ते पेट्रोलपेक्षा कितीतरी जास्त हवा पितं. हिशेब सोपा आहे. ४५० सीसीचं चार-स्ट्रोक इंजिन दर दोन फेऱ्यांना एकदा हवा ओढतं. मिनिटाला नऊ हजार फेऱ्यांवर ते साडेचार हजार वेळा हवा घेणार, म्हणजे मिनिटाला दोन हजार लिटरच्या आसपास. अर्ध्या तासाच्या शर्यतीत साठ हजार लिटरपर्यंत हवा, आणि तीही पुढच्या वीस गाड्यांनी उडवलेल्या मुरमाच्या धुळीतली. बेसॉल्टची धूळ कडक असते. ती आत गेली की इंजिन ऑइलमध्ये मिसळून व्हॉल्व्ह घासायच्या पेस्टसारखी वागते. पिस्टनच्या रिंगा झिजतात, कॉम्प्रेशन जातं, गाडी धूर सोडायला लागते. हे एका दिवसात दिसत नाही, म्हणूनच ते जास्त वाईट.

रस्त्यावरच्या गाडीत कागदी फिल्टर असतो. धुळीत तो लवकर चोंदतो आणि ओला झाला की संपला. म्हणून रानातल्या गाडीत स्पंजचा फिल्टर वापरतात आणि तो चिकट तेलात भिजवतात. धूळ स्पंजच्या भोकांत अडकत नाही, तेलाला चिकटते, म्हणून कोरडा स्पंज म्हणजे जवळजवळ फिल्टर नसल्यासारखंच. साफ करायची रीत ठरलेली आहे. फिल्टर काढल्याबरोबर इंजिनाकडे जाणाऱ्या तोंडात स्वच्छ फडकं कोंबायचं, कारण काढताना सुटलेली धूळ सरळ आत जाते. स्पंज आधी रॉकेलमध्ये किंवा फिल्टर धुवायच्या द्रावणात, मग साबणाच्या पाण्यात. तो दाबायचा, पिळायचा मात्र नाही, कारण पिळला की जोडावरची शिवण उसवते. सावलीत पूर्ण वाळू द्यायचा. मग तेल ओतून हाताने चेपत राहायचं, सगळीकडे एकसारखा रंग येईपर्यंत. जिथे रंग फिका, तिथून धूळ शिरणार. शेवटी फिल्टरच्या कडेला ग्रीसचं बोट फिरवायचं, म्हणजे कड बसते तिथून हवा चोरवाटेने जात नाही. हे सगळं शर्यतीच्या दिवशी करायला सवड नसते. म्हणून जाणते लोक घरूनच तीन-चार फिल्टर तेल लावून प्लास्टिकच्या पिशवीत भरून आणतात आणि प्रत्येक शर्यतीनंतर नुसता बदलतात.

धुळीच्या उलट पाण्याचा घाव. तो एका क्षणात बसतो. पावसाळ्यात किंवा पावसाळ्यानंतर ओढा ओलांडताना गोट्यावरून पुढचं चाक घसरलं आणि गाडी आडवी झाली, तर चालू इंजिन हवेऐवजी पाणी ओढतं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. आपल्या गावोगावी दिसणाऱ्या स्प्लेंडरचं इंजिन ९७.२ सीसीचं. या वर्गातल्या इंजिनात हवा नऊ-दहा पट दाबली जाते, म्हणजे पिस्टन अगदी वर आल्यावर वर उरलेली जागा अवघी ११-१२ मिलिलिटर. चहाचे दोन-अडीच चमचे. त्याहून जास्त पाणी आत असलं की पिस्टन वर येऊच शकत नाही. इंजिन वेगात असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो, कधी कवच फुटतं.

म्हणून पाण्यात पडलेली गाडी उचलल्यावर पहिला नियम: सेल्फचं बटण दाबायचं नाही. शर्यतीत ही बोटं आवरणं फार अवघड असतं, मागून गाड्या चाललेल्या असतात. पण दोन मिनिटं वाचवायला गेलं तर इंजिन जातं. गाडी बाहेर काढायची, स्पार्क प्लग खोलायचा, प्लगच्या भोकापासून तोंड बाजूला ठेवायचं आणि मग किक मारायची. किक नसेल तर वरच्या गिअरमध्ये टाकून गाडी ढकलायची. भोकातून पाण्याचा फवारा उडतो. तो थांबेपर्यंत हेच. मग पुढचं चाक वर करून गाडी मागच्या चाकावर उभी धरायची, म्हणजे सायलेन्सरमधलं पाणी बाहेर येतं. एअर फिल्टरच्या पेटीतलं पाणी काढायचं, फिल्टर दाबून घ्यायचा. कार्ब्युरेटरची गाडी असेल तर त्याच्या वाटीखालचा स्क्रू ढिला करून वाटी रिकामी करायची, कारण पाणी पेट्रोलपेक्षा जड असल्याने ते तळाशी बसून राहतं. प्लग पुसून लावायचा आणि मग चालू करायची. चालू झाली म्हणून विषय संपत नाही. ऑइल पाहायचं. ते दुधाळ दिसलं तर आत पाणी मिसळलं आहे आणि असं ऑइल बेअरिंगला वंगण देत नाही. ते त्याच दिवशी बदलायला हवं.

ओढा ओलांडण्याची रीतही यातूनच निघते. सायलेन्सर बुडाला तर लोक घाबरतात, पण चालू इंजिनाचा धूर पाण्याला बाहेर ढकलत असतो. धोका असतो तो हवा आत घेणाऱ्या तोंडाला, आणि रानातल्या गाडीत ते मुद्दाम सीटखाली उंच दिलेलं असतं. तेव्हा आधी पायी उतरून खोली बघायची, पहिला गिअर, थ्रॉटल एकसारखा आणि नजर समोरच्या काठावर. गोट्यांकडे बघितलं की चाक गोट्यांवरच जातं.

आता टायर. रस्त्यावर आपण पंचवीस-तीस पीएसआय हवा ठेवतो. रानात ती बारा-पंधरापर्यंत उतरवतात. हवा कमी असली की टायर पसरतो, दगडाच्या आकाराप्रमाणे वाकतो आणि पकड वाढते. पण त्याची किंमत आहे. टोकदार दगडावर आदळल्यावर ट्यूब दगड आणि रिमच्या मध्ये चिमटली जाते आणि शेजारी शेजारी दोन भोकं पडतात. दोन भोकं दिसली की काटा शोधत बसायचं नाही. हवा कमी होती किंवा वेग जास्त होता, एवढंच त्यातून समजायचं. शिवाय कमी हवेत जोर लावला की टायर रिमवर फिरतो आणि ट्यूबचा व्हॉल्व्ह मुळातून उपटतो. म्हणून टायरची कड रिमला आवळून धरणारा एक जादा पकडबोल्ट या गाड्यांना लावलेला असतो. मोठ्या स्पर्धांत ट्यूबच काढून टाकतात आणि आत फोमचं भरीव कडं घालतात. मग पंक्चरच नाही.

पंक्चर काढताना नवशिका ताकद लावतो आणि घामाघूम होतो. सहा दिवसांच्या शर्यतीत तरबेज खेळाडू पाच-सात मिनिटांत टायर बदलतो, त्यात ताकदीचा भाग थोडा आहे. रिमच्या मध्यभागी खोलगट पन्हळ असते. टायरच्या कडेत पोलादी तार असल्याने ती ताणली जात नाही. पण समोरच्या बाजूची कड गुडघ्याने दाबून त्या पन्हळीत उतरवली, की आपल्या बाजूला तेवढी ढील मिळते आणि लोखंडी पट्टी अलगद आत जाते. पट्टी जड लागली तर समजावं, समोरची कड पन्हळीतून वर आली आहे. घालतानाही तेच. ट्यूबमध्ये आधी थोडी हवा भरायची, नुसती गोल होण्यापुरती, म्हणजे ती मुडपत नाही आणि पट्टीच्या टोकाखाली येत नाही. सरळगावच्या किंवा शहापूरच्या नाक्यावरचा पंक्चरवाला हे रोज करतो. त्याचे गुडघे कुठे असतात आणि हात कुठे, हे पाच मिनिटं नीट पाहिलं तर पुस्तकापेक्षा जास्त कळतं.

चाकाचे स्पोक तपासायला यंत्र लागत नाही. चाक उचलून फिरवायचं आणि छोट्या पान्याने एकेक स्पोक टिचकवायचा. ताणलेला स्पोक टणकन वाजतो, ढिला असेल तर बद्द आवाज येतो. एक ढिला पडला की त्याचा भार शेजाऱ्यांवर जातो, मग ते तुटतात आणि रिमचा आऊट काढायला गॅरेज गाठावं लागतं. अलॉय व्हील दिसायला देखणं, पण दगडावर ते तडकतं. स्पोकचं चाक वाकतं आणि वाकलेलं ठोकून सरळ होतं. म्हणून या खेळात अजून स्पोकच.

चेनच्या बाबतीत एक गोष्ट सर्रास उलटी समजली जाते. ढिली चेन वाईट म्हणून लोक ती कसकसून ताणतात. मागचं चाक वर-खाली होताना पुढच्या आणि मागच्या स्प्रोकेटमधलं अंतर बदलत असतं. पुढचं स्प्रोकेट, मागच्या चाकाचा दांडा ज्यावर फिरतो ती चौकटीतली खीळ आणि मागचा अॅक्सल एका रेषेत आले की ते अंतर सर्वांत जास्त. उभ्या गाडीत ताठ दिसणारी चेन उडीनंतर खाली आपटताना ताणली जाते आणि गिअरबॉक्सचा शाफ्ट ओढते. चिखल तर चेन आणखी आवळतो. म्हणून रानात थोडा झोल ठेवायचाच.

शॉकअपबद्दलही थोडं सांगायला हवं, कारण सगळ्यांत जास्त पैसा लोक तिथे घालतात. हिरोच्या एक्सपल्स २०० सारख्या गाडीत पुढचा शॉकअप १९० मिलिमीटर आणि मागचा १७० मिलिमीटर दबतो. मोटोक्रॉसच्या खास गाडीत हे अंतर ३०० च्या आसपास. स्प्रिंग धक्का झेलते, पण ती तो परतही करते. आतलं ऑइल बारीक भोकांतून जाताना त्या उसळीची उष्णता करून टाकतं. आधी करायचं काम फुकटातलं आहे: स्वतः सगळा साज चढवून गाडीवर बसायचं आणि मागचा भाग किती खाली गेला ते मोजायचं. तो एकूण अंतराच्या एक तृतीयांशाच्या जवळपास खाली जायला हवा. साठ किलोच्या माणसासाठी लावलेली स्प्रिंग नव्वद किलोच्या माणसाला चालणार नाही. पुढच्या नळीवर ऑइलचा ओघळ दिसला तर सील गेलं म्हणून घाई करू नये. पुष्कळदा सीलच्या ओठाखाली मातीचा कण अडकलेला असतो आणि पातळ प्लास्टिकची पट्टी फिरवून तो निघतो.

यातलं बरंचसं ज्ञान मुरबाड-शहापूरच्या गॅरेजांत आधीपासून आहे. आदिवासी पाड्यांवर आणि आतल्या गावांत जाणारी स्प्लेंडर किंवा प्लॅटिना वर्षभर याच मुरमावरून, याच ओढ्यांतून जाते. मागे गवताचा भारा, दुधाचे कॅन किंवा दोन माणसं. तिच्यावर ना उंच शॉकअप, ना खाचांचे टायर. ती चालती ठेवणारा मेस्त्री तडकलेल्या कवचावर एम-सील लावतो, तुटलेल्या क्लच केबलच्या टोकाला गाठ वळून गाडी घरापर्यंत पोचवतो, कार्ब्युरेटरचा जेट फुंकून मोकळा करतो. शहरातल्या हजारो रुपयांच्या सुट्या भागांपुढे या कसबाची किंमत आपण कमी करतो असं मला वाटतं. भारतातल्या धूळ-ट्रॅकच्या शर्यतीही १९८५ ते १९९६ या काळात बनलेल्या यामाहा आरएक्स १०० सारख्या साध्या गाड्यांवरच पोसल्या गेल्या. बाकी सगळं अशाच गॅरेजांत घडवलं जाई.

जगातल्या सर्वांत कठीण रॅलीतही हेच कसब लागतं. डाकारमध्ये एक वर्ग असा आहे की त्यात खेळाडूला मदतनीसच नसतो. ८० लिटरच्या एका पेटीत मावतील तेवढी हत्यारं आणि सुटे भाग, बस्स. दिवसभर वाळवंटातून गाडी चालवून आल्यावर तंबूपाशी बसून ऑइल आणि फिल्टर त्यानेच बदलायचे, मग उरलीच तर झोप. सी. एस. संतोष हे डाकारमध्ये उतरलेले पहिले भारतीय, २०१५ मध्ये, आणि पहिल्याच खेपेला ते ३६ वे आले. मर्चंट नेव्हीतले कॅप्टन आशिष रावराणे २०२१ च्या डाकारमध्ये कुठल्याही कंपनीच्या संघाशिवाय उतरले. ते आपले मराठी, कोकणातल्या आडनावाचे, आणि तरीही आपल्याकडे त्यांची चर्चा व्हायला हवी होती तितकी झाली नाही.

या दोन तालुक्यांत कुणी अशी शर्यत भरवायची म्हटली तर जागा निवडण्याचं काम सगळ्यांत नाजूक. शहापुरात तानसा अभयारण्य आहे, मुरबाडच्या काही भागात भीमाशंकर अभयारण्य पोचतं आणि उरलेल्या डोंगरांतही वनजमीन मोठी आहे. तिथे चाक घालायचं नाही, हे आधी ठरवून टाकावं. खाचरांच्या बांधावरून गाडी नेणं हे तर सरळसरळ शेतकऱ्याचं नुकसान, कारण बांध खचला की पुढच्या पावसात खाचरात पाणी ठरत नाही. उरतो तो पडीक माळ आणि वरकस, तोही मालकाच्या आणि ग्रामपंचायतीच्या संमतीने, पोलिसांना आणि दवाखान्याला आगाऊ कळवून. हंगाम कापणीनंतरचा. प्रत्येक गाडीखाली ताडपत्री हवी, म्हणजे सांडलेलं ऑइल आणि पेट्रोल मातीत मुरत नाही. आंतरराष्ट्रीय स्पर्धांत अशी चटई सक्तीची असते.

आणि ट्रॅक उताराला आडवा आखावा. गाड्यांच्या चाकांनी माती दाबली जाते, तिच्यात पाणी मुरायचं थांबतं आणि चाकोऱ्या पडतात. या चाकोऱ्या सरळ उताराने उतरत असतील, तर जूनच्या पहिल्या जोरदार सरींत प्रत्येक चाकोरी ओहोळ बनते आणि दोन पावसाळ्यांत माळावर घळ पडते. म्हणून शर्यत संपल्यावर चाकोऱ्या नांगरून मोकळ्या करायच्या, उतारावर ठरावीक अंतराने दगडांचे आडवे बांध घालायचे आणि जिथे माती उघडी पडली तिथे गवताचं बी टाकायचं. हे सगळं मे महिना संपायच्या आत, शर्यत भरवणाऱ्यांनीच, आणि ज्याच्या जमिनीवर शर्यत झाली त्याला दाखवून.